एक चेहरा बाकी

१

तुम्ही कधी नुसती कटकट टळावी म्हणून, जे आपलं नाही त्याला 'हो, आमचंच आहे' असं म्हणून टाकलंय का?

म्हणजे असं बघा. बसच्या सीटवर कुणाची तरी छत्री राहिलेली असते. मागचा माणूस खांद्याला हात लावून विचारतो, तुमची का हो? पुढचं बोलणं नको म्हणून आपण मान हलवतो आणि छत्री घेऊन उतरतो. त्यात कुणाचं काय गेलं?

घडीताईलाही असंच वाटलं होतं.

घडीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका लॉन्ड्रीत घड्या घालायच्या टेबलावर कामाला होती आणि उभा जन्म तिथंच गेल्यामुळे तिच्या हातांना दुसरं काही सुचत नसे. वर्तमानपत्र, पिशव्या, औषधाच्या पुडीचा कागद, जे हाती येईल त्याची घडी. बोलता बोलता तुमचा रुमाल घेऊन घडी करून परत देईल. तिचा मामेभाऊ म्हणायचा, "हिच्यासमोर फार वेळ उभं राहू नका, तुमचीही घडी घालून कपाटात ठेवील."

लग्न आज जमेल, उद्या जमेल, असं करता करता राहून गेलं. वडील गेले. भावंडं नव्हतीच. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत ती आणि आई अशा दोघीच उरल्या. आणि गेल्या काही महिन्यांपासून आई विसरू लागली होती.

आधी शेजारीण गेली. म्हणजे शेजारीण जिथल्या तिथंच होती, आईच्या डोक्यातून गेली. मग दूधवाला गेला. मग एक दिवस आईने स्वतःच्या भावाचा फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "माणूस चांगला दिसतोय. कोण ग हा?"

डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. पण रोज थोडा वेळ जुने फोटो दाखवा, नावं घ्यायला लावा. उरलंय ते टिकेल."

उरली होती घडीताई. रोज कामावरून आली की आई खिडकीतूनच म्हणायची, "आलीस का ग बाळ?" एवढ्या एका वाक्यावर घडीताईचा सगळा दिवस उभा होता. तिला बाळ म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. ते वाक्य ज्या दिवशी येणार नाही त्या दिवसाचा विचार ती करत नसे. तो मनात आला की ती उठून काहीतरी घडी घालायची.

२

मामेभावानेच वंशावळीची एक साइट सुचवली. तो दूर दुसऱ्या गावी होता, निवृत्त झाला होता आणि निवृत्त माणसाला लागतो तसा त्याला आपल्या घराण्याचा नाद लागला होता. त्याने फोनवरून बोट धरल्यासारखं शिकवलं. टॅबवर फोटो चढवायचा. साइट स्वतःच फोटोतले चेहरे हुडकते, प्रत्येकाभोवती पिवळी चौकट काढते आणि विचारते, 'हे कोण?' आपण नाव लिहायचं, नातं सांगायचं, की तो चेहरा झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो. लांबचे नातेवाईक ते बघतात आणि पटलं तर 'बरोबर' अशी खूण करतात.

घडीताईला वाटलं होतं की आपल्याला काही जमायचं नाही. पण जमलं. संध्याकाळी उजेड असेपर्यंत दोघी खिडकीशी टेबलावर बसायच्या. आईपुढे निवडायला-सोलायला काहीतरी असायचं, कारण हात कामात असले की तिचं डोकं बरं चालायचं.

"हे कोण, आई?"

"ही माझी आत्या. हिला सारख्या शिंका यायच्या. फोटोच्या वेळीसुद्धा आली होती, बघ तोंड कसं केलंय."

आणि खरंच आत्याने तोंड तसंच केलेलं. घडीताई खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

मग तो जिन्याचा फोटो आला. त्यांच्या आधीच्या भाड्याच्या घराचा. पायरीवर वडील उभे, त्यांचं बोट धरून लहानगी घडीताई, पायांत उलटसुलट सँडल. मागे घराचं दार उघडं आणि आत काळोख. साइटने वडिलांभोवती चौकट काढली, तिच्याभोवती काढली. तिने दोन्ही नावं लिहिली. तर तिसरी चौकट आली. दारातल्या काळोखावर.

'हे कोण?'

तिने फोटो मोठा करून पाहिला. काळोख जवळून पाहिला की काळोखच मोठा होतो, दुसरं काय होणार? तिने 'सोडून द्या' वर बोट ठेवलं. चौकट गेली आणि वर ओळ आली, 'एक चेहरा बाकी आहे.' पुन्हा सोडून दिलं, पुन्हा तेच. पुढचा फोटो काही उघडेना. पालथ्या घड्यावर पाणी.

आता लॉन्ड्रीतली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आल्या आल्या प्रत्येक कपड्याला नंबरची पट्टी टाचतात. तरी धुऊन वाळून आलेल्या ढिगात एखादा बिनपट्टीचा निघतोच. कुणाचा ते कळत नाही. मालकीणबाईंचा नियम असा, की हातात ज्याचा गठ्ठा असेल त्यातच तो बांधून द्यायचा. त्याच ढिगातून आला म्हणजे बहुतेक त्यांचाच. नसला तर आणून देतील. आजवर कुणी आणून दिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

तर घडीताईच्या हातात तेव्हा तिचाच गठ्ठा होता. तिने आत्ताच स्वतःचं नाव लिहिलं होतं. काळोखातली चौकट तिच्याच खांद्याएवढ्या उंचीवर होती, एखादं लहान मूल दारात उभं असावं तशी. लहानपणी आपल्याला एक धाकटी बहीण हवी होती, हेही तिला आठवलं आणि जरा हसू आलं. तिने लिहिलं, 'धाकटी'. नातं विचारलं तेव्हा लिहिलं, 'आईची मुलगी'.

'छान! तुमच्या कुटुंबात एक व्यक्ती वाढली.'

आई मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"कोण आलं ग?"

"कुणी नाही आई."

"नाही कसं? दार लोटलं ना कुणीतरी." आणि आई पुन्हा सोलू लागली.

३

दुसऱ्या दिवशी टॅब उघडला तो साइटने आपणहून सांगितलं, 'धाकटी आणखी फोटोंत सापडली आहे. पाहायचं?'

घडीताईने पाहिलं. एका फोटोत चौकट पडद्यावर होती. एकात दोन मावश्यांच्या खांद्यांमधल्या रिकाम्या जागेवर. एकात आरशाच्या कडेला, जिथं पलीकडची भिंत दिसत होती. कुठंच चेहरा नव्हता.

ती भोळी होती, पण वेडी नव्हती. तिने स्वतःची समजूत घातली. यंत्र ते यंत्र, त्याला चेहरे शोधायला बसवलंय, ते शोधणार. हातात हातोडी असली की सगळीकडे खिळे दिसतात. इस्त्री न केलेल्या चादरीच्या सुरकुत्यांत तिला स्वतःला कितीदा नाक-डोळे दिसले होते, वाफ मारली की गेले. हे तसंच.

तरी मनात पाल चुकचुकली. कारण सगळे फोटो ओळीने पाहिले तर चौकट वर सरकत होती. आधी टेबलाच्या उंचीवर. मग खिडकीच्या कट्ट्यावर. घडीताई शाळा सोडून लॉन्ड्रीत लागली त्या वर्षीच्या फोटोत चौकट तिच्या कानाशी आली होती. यंत्र चुकतं हे तिला मान्य होतं. पण चूक वयाप्रमाणे वाढते कशी?

तिने नोंद पुसायला घेतली. साइट म्हणाली, पुसता येणार नाही, दुसऱ्या नातेवाइकाने 'बरोबर' अशी खूण केली आहे.

तिने मामेभावाला फोन लावला.

"दादा, ती धाकटी काढायची कशी रे?"

"कोण, आपली धाकटी? का काढायची?"

"अरे, आपली कुठली? मी आपलं अडलं म्हणून लिहिलं. यंत्र पुढे जाईना. आणि खूण कुणी केली त्याच्यावर?"



"मीच केली," तो म्हणाला. "जिना बघितला आणि एकदम आठवलं. पायरीवर बसून आल्यागेल्याचे जोडे जुळवून ठेवायची ती. एक जरी वाकडा असला तरी तिला चालायचा नाही."

"दादा, ती मी."

"तू?"

"जोडे मी जुळवायचे. बाबा ओरडायचे, जोड्यांना हात लावू नकोस म्हणून."

"असेल बाई," तो हसला. "आता माझ्या डोक्याचं काय सांगू? काल चष्मा डोक्यावर आणि मी कपाट उपसतोय. तुझी वहिनी म्हणाली, काखेत कळसा म्हणतात तो हाच."

घडीताईही हसली, पण जरा उशिरा.

"मग खूण काढशील ना?"

"काढतो की." आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, तो म्हणाला, "धाकटीला विचारलंय म्हणून सांग."

४

गंमत अशी, की त्याच आठवड्यात आई सुधारू लागली.

खरंच सुधारली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. सकाळी स्वतःच्या हाताने केस विंचरायची, दुपारी रेडिओ लावायची. अर्ध्यावर तुटणारी वाक्यं पुरी व्हायला लागली. एका संध्याकाळी तर तिने सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खी गोष्ट सांगितली. तापाची.

"काय फणफणली होती पोर," आई म्हणाली. "तुझे बाबा रात्रपाळीला. मी ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत होते, आणि ती म्हणते कशी, आई, भिंत माझ्याजवळ येतेय, तिला सांग ना तिकडे जायला."

ती गोष्ट तिचीच होती. ती भिंत तिला अजून आठवत होती, फिकट निळी, वरून पोपडे आलेली.

"तू काय केलंस मग?" तिने विचारलं, नुसतं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून.

"भिंतीला दोन चापट्या मारल्या. म्हटलं, हो तिकडे. तेव्हा कुठं धाकटी झोपली."

घडीताईने हातातला रुमाल खाली ठेवला.

"आई, ते मला झालं होतं. ताप मला आला होता."

आईने तिच्याकडे पाहिलं. प्रेमाने पाहिलं, पण बाजारात भेटलेल्या ओळखीच्या बाईकडे पाहावं तसं.

"तू उशाशी होतीस ना? असशील. किती होतं तुमचं येणंजाणं तेव्हा."

मग रोज तसंच होऊ लागलं. लाल स्वेटर धाकटीचा. जत्रेत हरवून पोलिसाच्या खांद्यावर बसून परत आली ती धाकटी. सायकलवरून पडून हनुवटीला टाके पडले तेही तिचेच. घडीताईने खुर्ची पुढे ओढली, आईचा हात धरला आणि आपल्या हनुवटीवरून फिरवला.

"हे बघ. हा व्रण बघ."

आईची बोटं थंड होती. ती हनुवटीवरून फिरली, परत फिरली.

"गुळगुळीत आहे की," आई म्हणाली. "तुला कुठं काय लागलंय?"

घडीताई उठून आरशापाशी गेली. व्रण होता. म्हणजे तिला तरी दिसत होता. आरशावरची धूळ पुसून, मान वर करून तिने पाहिलं, बोटाने चाचपलं. इतक्या वर्षांत तिने त्याकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. आधी तो एवढा पुसट होता का, हे तिला काही केल्या सांगता येईना.

जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून. आईच्या डोक्यातून ती जात नव्हती. तसं असतं तर दुखणं म्हणून तिने सोसलं असतं. आई एकही गोष्ट विसरत नव्हती. फक्त एकेक उचलून दुसरीकडे ठेवत होती.

५

आणि मग घड्या.

त्या घरात दोनच माणसं आणि घडी घालणारी एकटी घडीताई. आईने घड्या घालणं केव्हाच सोडलं होतं. धुतलेले कपडे घडीताई सकाळी आतल्या खोलीत दोरीवर टाकून जायची आणि आल्यावर काढायची. एक दिवस आली तर कपडे पलंगावर, घडी घालून ठेवलेले.

वाईट घडी होती. बाह्या बाहेर लोंबत होत्या, कडा जुळत नव्हत्या. शिकाऊ पोरी पहिल्या आठवड्यात घालतात तशी. तिला आईचं कौतुक वाटलं.

"आई, तू काढलेस कपडे?"

"मी कशाला? माझ्याने होतंय होय?"

दुसऱ्या दिवशी बाह्या आत होत्या. कडा अजून तिरप्या. त्याच्या पुढच्या दिवशी कडा सरळ. घडीताईने पलंगाच्या काठावर बसून ते कपडे उलगडले आणि पुन्हा घातले, उलगडले आणि पुन्हा घातले. शेजारीण येत असेल. नाही, किल्ली कुणाकडेच नाही. मग आईच घालत असेल आणि विसरत असेल. हातांना आठवतं, डोक्याला आठवत नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते. पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. आई खिडकीशी डुलक्या घेत होती, इथून दिसत होती. ऊन फरशीवर पसरलेलं. आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

फटाक.

कपडा झटकल्याचा आवाज. घडी घालायच्या आधी घडीताई प्रत्येक कपडा एकदा झटकते, तो आवाज. मग तळहाताने सपाट केल्याची सरसर. मग थोडी शांतता, कडा जुळवायला लागते तेवढीच. मग पुन्हा, फटाक.

हातात ओलं फडकं घेऊन ती तशीच उभी राहिली. खिडकी उघडी असेल, वाऱ्याने दोरीवरची चादर फडफडत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. मग बाहेर झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

आवाज थांबल्यावर ती गेली. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर गठ्ठा होता. तिने वरचा सदरा उचलला. कॉलर पुढे, बाह्या मागे दुमडून मग अर्ध्यात, आणि खालची कड बोटभर आत खोचलेली. ती बोटभर कड लॉन्ड्रीत कुणीच खोचत नाही. ती घडीताईची स्वतःची खोड होती. तिने कुणाला शिकवली नव्हती.

कापड अजून कोमट होतं.

६

"बाई, एक विचारू?" दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंना विचारलं. बाई काउंटरमागे दोरा गुंडाळत होत्या.

"विचार की. तोंड का असं सुकलंय?"

"तो बिनपट्टीचा कपडा आपण दुसऱ्याच्या गठ्ठ्यात घालतो ना, तो कुणीच परत का आणून देत नाही?"

"घालत असतील," बाई म्हणाल्या.

"आपला नसताना?"

"अंगाला बसला की आपलाच वाटतो, घडीताई. चार दिवस घातला की झालं. मग आपला स्वतःचा कुठला होता हे कोण आठवत बसतंय?" आणि बाई हसल्या. "तुझा काही हरवलाय का?"

घडीताईने अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि तशीच घरी आली. मामेभावाने खूण काही अजून काढली नव्हती; आज काय वाटेल ते करून ती नोंद काढायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. वेळ थोडा आहे असं तिला वाटत होतं, का ते तिला सांगता आलं नसतं.

गल्लीत वळली तशी खिडकीत आई दिसली. आईनेही तिला पाहिलं. घडीताईने पावलं हळू केली, वाक्याला वेळ मिळावा म्हणून. आईने तोंड उघडलं, पण मान वळवून, घरात कुणाला तरी काहीतरी म्हणाली आणि हसली.

घडीताई आत गेली, टॅब घेतला आणि आईच्या शेजारी येऊन बसली. मागे आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सकाळी जाताना तिने ते नीट बंद केलं होतं की नाही, यावर तिने जास्त विचार केला नाही.

साइट उघडली आणि तिला हायसं वाटलं. कारण पडद्यावर लिहिलं होतं, 'या दोन व्यक्ती एकच असाव्यात. दोघींचे प्रसंग जुळतात. एकत्र करायच्या का?' खाली दोन चौकटी शेजारी शेजारी. एकीत तिचा लॉन्ड्रीतला फोटो, दुसरीत जिन्यावरच्या दाराचा काळोख. आणि प्रश्न, 'कुठली ठेवायची?'

म्हणजे वाट होती तर. उगाच भुई धोपटत बसलो आपण, साप नव्हताच, तिला वाटलं. एक ठेवली की दुसरी गेली. तिने आपल्या फोटोवर बोट ठेवलं, चांगलं दाबून ठेवलं.

'ओळख पटवण्यासाठी आत्ताचा एक फोटो हवा. आईसोबत असल्यास उत्तम.'

कॅमेरा आपोआप सुरू झाला. पडद्यावर खिडकीचा उजेड, आईचे पांढरे केस, शेजारी तिचा स्वतःचा दमलेला चेहरा, आणि दोघींच्या मागे ते अर्धवट दार.

"आई, इकडे बघ. फोटो काढायचाय."

आई सावरून बसली. पदर नीट केला. फोटोला ती नेहमीच अशी बसायची.

पिवळी चौकट इकडे तिकडे चाचपडली आणि आईच्या चेहऱ्यावर स्थिरावली. मग दुसरी आली. ती घडीताईच्या चेहऱ्याजवळ आली, जराशी थरथरली आणि पुढे गेली. तिच्या खांद्यावरून मागे. दाराच्या फटीवर जाऊन थांबली.

घडीताई पुढे झुकली. चौकट आली नाही. तिने चष्मा काढला. कपाळावरचे केस मागे सारले, उजेडाकडे तोंड केलं, हसून पाहिलं. पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, डोळे, नाक, ओठ, सगळं जागच्या जागी. त्याच्याभोवती काहीही नव्हतं. खुर्चीची पाठ दिसावी, भिंतीचा रंग दिसावा, तसा तो दिसत होता.

"जरा सरक ना," आई म्हणाली, मऊ आवाजात. "ती झाकली जातेय."

घडीताईने मागे वळून पाहिलं नाही. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. ती पडद्यातच बघत राहिली. मागच्या चौकटीत काळोख होता, नुसताच काळोख, दाराच्या फटीएवढा. आणि मग त्या काळोखाने हनुवटी किंचित वर केली, फोटो काढताना माणसं करतात तशी.

घडीताईचं बोट कुठंही लागलं नव्हतं. तरी कॅमेऱ्याचा आवाज झाला.

'धन्यवाद. ओळख पटली.'

७

दुसऱ्या दिवशी सकाळी घडीताई घडी घातलेले कपडे घेऊन आईच्या पलंगापाशी गेली, तेव्हा आईने तिला लॉन्ड्रीतून आलेली बाई समजून बसायला खुर्ची दिली, उन्हातून आलात म्हणून पाण्याचं विचारलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, कितीतरी महिन्यांत निघाला नव्हता अशा मोकळ्या आवाजात, आपल्या लेकीला हाक मारली.